सदाशिव पेठ ते वारजे: एका घरबदलातले इंटरनेट, लँडलाइन आणि अलार्म

सदाशिव पेठेतली तीन मजली जुनी इमारत पुनर्विकासाला गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या पाच जणांच्या कुटुंबाने तीन वर्षांसाठी वारज्यात, बारा मजली सोसायटीच्या नवव्या मजल्यावर टू बीएचके भाड्याने घेतला. घरात आजी-आजोबा, मुलगा, घरून काम करणारी सून आणि नातू. ट्रक, पॅकर्स, गॅस, वर्तमानपत्र यांची यादी आधीपासून तयार होती. त्या यादीत इंटरनेट, फोन आणि अलार्म या तिघांची मिळून एकच ओळ होती: ‘कनेक्शन शिफ्ट’. पुढचा सगळा घोळ या एका ओळीतून झाला.

जुन्या घरात हे तिघे वेगवेगळ्या वाटांनी येत. लँडलाइन तांब्याच्या जोडीवर होती, थेट एक्स्चेंजमधून. इंटरनेट केबलवाल्याचे, गच्चीवरच्या स्विचमधून खाली सोडलेल्या लॅन केबलने. अलार्म २०१६ साली बसवलेला: दाराला आणि दोन खिडक्यांना चुंबकी सेन्सर, हॉलमध्ये एक हालचाल टिपणारा सेन्सर, आजोबांच्या पलंगाशी एक पॅनिक बटण आणि लँडलाइनला जोडलेला डायलर. बटण दाबले की डायलर मुलाच्या आणि सुनेच्या मोबाइलवर फोन लावून रेकॉर्ड केलेला निरोप ऐकवणार, अशी व्यवस्था.

म्हणजे अलार्म लँडलाइनवर उभा आणि लँडलाइन एक्स्चेंजच्या विजेवर. तांब्याच्या जोडीवर एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्ट डीसी येते, म्हणून घरातली वीज गेली तरी साधा फोन चालू राहतो. नव्या सोसायटीत तांबे नाही, फायबर आहे. तिथे फोनला वीज घरातल्या फायबर मोडेमकडून मिळते आणि मोडेमला प्लगमधून. जुने सगळे जसेच्या तसे उचलून नेले असते, तर तिन्ही गोष्टी बारा व्होल्टच्या एका अडॅप्टरला लटकल्या असत्या. शिफ्टिंगचे नियोजन सुरू करायचे ते इथून. कोणता प्लॅन घ्यायचा, हा प्रश्न नंतरचा.

आधी अलार्म, मग बाकीचे

लँडलाइनचा एकच नंबर एका वेळी दोन पत्त्यांवर चालत नाही. जुनी बंद होऊन नवी चालू होईपर्यंत दोन-चार दिवस जातात, आणि नेमके त्याच दिवसांत दोन्ही घरांत निम्मे-निम्मे सामान असते. म्हणून अलार्म लँडलाइनवरून काढून सिमकार्डवर नेणे हे पहिले काम ठरले, तेही जुन्या घरात असतानाच, शिफ्टिंगच्या तीन आठवडे आधी.

डायलर काढण्यापूर्वी तो चालतो का हे पाहण्यासाठी पॅनिक बटण दाबून पाहिले. सायरन वाजला, डायलरने लाइन उचलली, नंबर फिरवल्याचे सूर ऐकू आले. मोबाइल मात्र वाजला नाही. दुसऱ्यांदाही नाही. समांतर जोडलेला हँडसेट कानाला लावल्यावर उलगडा झाला. पलीकडून नंबरआधी शून्य लावण्याची सूचना ऐकू येत होती आणि डायलर त्या सूचनेलाच ‘आजोबांना मदत हवी आहे’ असा निरोप ऐकवत होता. १५ जानेवारी २०२१ पासून देशभर लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी ० लावणे सक्तीचे आहे. डायलरमध्ये २०१६ साली भरलेले दोन्ही नंबर दहा आकडी होते. शिफ्टिंगची वेळ आली नसती, तर ते बटण निमूटपणे भिंतीवरच राहिले असते. लँडलाइनवर चालणारा जुना डायलर ज्यांच्या घरी आहे, त्यांनी तो आजच वाजवून पाहावा.

अलार्मच्या पॅनेलमधली, म्हणजे मुख्य पेटीतली, १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवर बॅटरीही २०१६ सालचीच निघाली. मीटर नुसता लावला की १२.६ व्होल्ट, सायरन वाजू लागला की ९ च्या खाली. असल्या सीलबंद बॅटरीचे आयुष्य तीन-चार वर्षांचे. नुसत्या व्होल्टवर विश्वास ठेवू नये, भार देऊनच मोजावी.

नवे पॅनेल बिनतारी सेन्सरचे घेतले, कारण भाड्याच्या घरात वायरसाठी भिंती खोदता येत नाहीत. सिमचा विचार मात्र बाजारात फार कमी लोक करतात. स्वस्तातली बरीच जीएसएम, म्हणजे सिमवरची, पॅनेल फक्त टूजीवर चालतात, आणि जिओकडे टूजी नाहीच; ते जाळे सुरुवातीपासून फोरजीचे आहे. टूजी पॅनेलमध्ये ते सिम घातले तर पॅनेल नेटवर्क शोधत बसते. इथे फोरजीचे पॅनेल निवडले. टूजी आज चालते म्हणून आणखी सात-आठ वर्षे चालेल असे धरून चालणे बरे नव्हे.

सिम आधी साध्या मोबाइलमध्ये घालून त्याचा पिन लॉक काढला. तो राहिला तर वीज जाऊन आल्यावर पॅनेल पिनची वाट पाहत गप्प बसते. मग कॉल आणि एसएमएस दोन्ही जातात याची खात्री केली. रिचार्ज वर्षभराचे, फक्त कॉल व एसएमएसचे मारले आणि त्याची तारीख आजींच्या कालनिर्णयावर लिहिली. अलार्मचे सिम कोणी हातात धरत नाही, त्यामुळे त्याची मुदत संपल्याचे कोणाला कळत नाही. पॅनेलमध्ये ११२ हा नंबर भरला नाही, आणि कोणी भरूही नये. खोट्या अलार्मवर यंत्राने परस्पर पोलिसांना फोन लावणे योग्य नाही. नंबर चार: मुलगा, सून, वारज्यातलीच आतेबहीण आणि सोसायटीचे गेट. चौघांच्याही मोबाइलमध्ये पॅनेलचा नंबर नावानिशी साठवला आणि ‘डू नॉट डिस्टर्ब’मधून वगळला. नाहीतर रात्री दोनचा कॉल फोन स्वतःच दाबून टाकतो.

नंबर राहील का

आपल्याकडे नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय मोबाइलला आहे, लँडलाइनला नाही. नंबर टिकवायचा तर कंपनी तीच ठेवावी लागते, आणि तिची लाइन नव्या पत्त्यावर हवी. आजोबांचा ०२०-२४४ ने सुरू होणारा नंबर चाळीस वर्षांचा; पेठेतला माणूस तो ऐकून पत्ता सांगेल. त्याच कंपनीचे फायबर वारज्यातल्या सोसायटीत होते आणि नंबर तोच राहील असे तिने कळवले. हे उत्तर अर्जाच्या पावतीवर लिहून घेतले. काउंटरवरचे ‘होऊन जाईल’ हे उत्तर नव्हे.

त्यामुळे इंटरनेटही त्याच फायबरवर घेतले. केबलवाल्याचा बारा महिन्यांचा प्लॅन आगाऊ भरलेला होता, त्यातले चार महिने वाया गेले. वारज्यात त्याची लाइन नव्हती. इमारतीचा पुनर्विकास ठरला की त्या दिवसापासून महिन्याचाच प्लॅन घ्यावा, वर्षाच्या सवलतीला भुलू नये.

नव्या पत्त्यावर सेवा आहे का, हे कंपनीच्या ॲपवर हिरवी खूण दिसते म्हणून मानले नाही. सोसायटीच्या ऑफिसमधून केबलच्या डक्टची किल्ली घेऊन बॉक्स पाहिला. फायबरच्या एका धाग्याचे आठ फाटे करणारा तो स्प्लिटर बॉक्स सातव्या मजल्यावर होता आणि आठपैकी सात जागा भरलेल्या होत्या. एकच शिल्लक! ती भरली असती तर दुसरा बॉक्स बसेपर्यंत थांबावे लागले असते. कोणत्या कंपनीचा माणूस रोज येतो आणि कोणाच्या तक्रारी जास्त, हे वॉचमनला नेमके ठाऊक असते. ती दहा मिनिटांची चौकशी फुकट होते. घरमालकाची परवानगी व्हॉट्सॲपवर लेखी घेतली, पण भोक पाडावेच लागले नाही. एसीच्या पाइपसाठी आधीच असलेल्या भोकातून केबल आत आली. कागद दोनच लागले, नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स करार आणि आधार.

उणे २८.६

केबल ओढली, मोडेम लावला, इंटरनेट चालू झाले. स्पीड टेस्टला १०० चे ९४ आले. ‘लाइट हिरवी आहे ना काका, झालं मग’ असे म्हणून तंत्रज्ञ निघाला होता. त्याला थांबवून प्रकाश मोजणारा पॉवर मीटर लावायला सांगितले. आकडा आला उणे २८.६ डीबीएम.

हा आकडा म्हणजे मोडेमपर्यंत पोचणारा प्रकाश; उणे जितके मोठे, तितका प्रकाश कमी. उणे ८ ते उणे २७ या पट्ट्यात तो असावा लागतो; व्यवहारात उणे १८ ते उणे २४ असला की निर्धास्त. उणे २७ च्या पलीकडे लाइन चालतेही, पण काठावर. थोडी धूळ, थोडा ताण आला की एलओएस (LOS, म्हणजे सिग्नल नाही) असे लिहिलेला दिवा लाल लुकलुकू लागतो. मग ‘कधी चालते, कधी नाही’ ही कोणालाच न सापडणारी तक्रार सुरू होते. स्पीड टेस्टमध्ये हे दिसत नाही, कारण फायबरवर प्रकाश कमी झाला म्हणून वेग हळूहळू उतरत नाही. चालते तोवर पूर्ण चालते, मग एकदम पडते.

सातव्या मजल्यावरच्या बॉक्समध्ये त्याच जागेवर मोजले तर उणे १९.१. म्हणजे मधल्या पंचेचाळीस मीटरमध्ये साडेनऊ डीबी (प्रकाशातली घट डीबीत मोजतात) गायब. फायबर स्वतः किलोमीटरला साधारण पाव ते एक तृतीयांश डीबी खाते. पंचेचाळीस मीटरमध्ये ते नगण्य. दोन कनेक्टर मिळून फार तर एक. उरलेले कुठेतरी सांडत होते, आणि अशा वेळी जागा दोनच असतात: बाक आणि जोड.

लाल प्रकाशाचा पेन एका टोकाला लावून घरातले दिवे बंद केले. हॉलच्या सरकत्या खिडकीपाशी, जिथे पांढरी केबल ॲल्युमिनियमच्या चौकटीला वळसा घालून क्लिपने आवळली होती, तिथे केबलमधूनच लाल ठिपका चमकत होता. काटकोनात मोडलेल्या फायबरमधून प्रकाश बाहेर येत होता. (या पेनच्या तोंडात किंवा केबलच्या टोकात डोळा घालू नये, नातवाला हे दोनदा सांगावे लागले.) क्लिप काढून चहाच्या बशीपेक्षा थोडा लहान असा गोल वळसा दिला. त्रिज्या ३० मिलिमीटरपेक्षा कमी नको, एवढे ध्यानात ठेवले की पुरे. आकडा उणे २३.३ वर आला.

अजून तीन डीबी बाकी होते. भिंतीवरच्या डबीत केबलचे टोक हिरव्या रंगाचे आणि मोडेमकडे जाणारी पॅचकॉर्ड, म्हणजे छोटी जोडकेबल, त्या बाजूला निळ्या रंगाची निघाली. हिरव्या कनेक्टरचे तोंड आठ अंशांत तिरके घासलेले असते, निळ्याचे जवळपास सपाट. दोन्ही एकमेकांत बसतात, लाइन चालतेही, पण मध्ये फट राहते आणि प्रकाश उलटा फिरतो. दोन्ही टोके हिरवी असलेली पॅचकॉर्ड लावली, टोके कोरड्या क्लीनरने पुसली. आकडा उणे २०.२. हा आकडा तारखेसह डबीच्या झाकणाच्या आत मार्करने लिहून ठेवला. पुढच्या तक्रारीला तुलना करायला हाच उपयोगी पडणार.

लँडलाइनही याच मोडेमच्या फोनच्या भोकातून मिळाली. आजोबांचा जुना बटणांचा फोन लावला तर रिंग येत होती, बोलता येत होते, पण नंबर लागत नव्हता. फोनच्या पोटाखालची छोटी कळ ‘पी’वर होती, म्हणजे पल्सवर; सुरांऐवजी टिकटिकीने नंबर पाठवण्याची ही जुनी पद्धत. बरेच फायबर मोडेम पल्स ओळखत नाहीत. ती ‘टी’वर, म्हणजे टोनवर सरकवली आणि काम झाले. चकतीचा फोन असता तर तो फक्त उचलण्यापुरता राहिला असता. आणखी एक: ज्यांचे अलार्म पॅनेल निरोप न बोलता सुरांच्या संकेतांनी कंट्रोल रूमला कळवते, त्यांनी फायबरच्या फोनवर ते तसेच चालेल असे समजू नये. आवाज दाबून पाठवला जात असेल तर ते सूर बिघडतात. कंपनीला जी.७११ हा आवाज न दाबणारा कोडेक (आवाज पाठवण्याची पद्धत) ठेवायला सांगून कंट्रोल रूमशी प्रत्यक्ष चाचणी घ्यावी.

वीज

नव्या घरात इन्व्हर्टर होता, सोसायटीला जनरेटर होता. मग काळजी कसली? जनरेटर लिफ्ट आणि जिन्यांपुरता, आणि मोडेम बिल्डरने दाराजवळ ठेवलेल्या लो-व्होल्टेज बॉक्समध्ये. त्या बॉक्समधला प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर नव्हताच. वीज गेली की पंखे चालू, फोन आणि नेट बंद. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणे नेहमीचे, त्यामुळे हे पहिल्याच आठवड्यात उघड झाले.

इन्व्हर्टरची लाइन तिथपर्यंत ओढणे हा एक उपाय. पण इन्व्हर्टर साध्या मोडवर असला तर वीज जाता-येताना क्षणभराचा खंड पडतो, तेवढ्याने मोडेम पुन्हा सुरू होतो, आणि फोनची नोंदणी परत व्हायला दोन-तीन मिनिटे जातात. म्हणून मोडेमला बारा व्होल्टचा मिनी यूपीएस लावला. खरेदी करताना फसगत होते ती खोक्यावरच्या आकड्यात. ‘८,००० मिलिअँपिअर-अवर’ हा आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवरचा असतो. ८ गुणिले ३.७ म्हणजे सुमारे ३० वॉट-अवर. व्होल्टेज वाढवण्यातली तूट जाता २४ हातात येतात. वाय-फाय आणि फोनसह मोडेम साधारण ९ वॉट खातो, म्हणजे अडीच तासांच्या आसपास. प्लगची पिन आणि ध्रुवता, म्हणजे मधला भाग अधिक, जुन्या अडॅप्टरवरच्या चित्राशी पडताळूनच जोडली.

अलार्मचे गणित वेगळे. पॅनेलमधली ७.४ व्होल्टची छोटी बॅटरी बदलून मोठी बसवता येत नव्हती, म्हणून जुन्याच धर्तीची नवी १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवर बॅटरी आणि चार्जर असलेला पुरवठा बाहेरून पॅनेलच्या १२ व्होल्टच्या भोकाला दिला. पॅनेल जागे राहायला ०.१५ अँपिअर घेते. सातला त्याने भागले तर सुमारे ४७ तास, प्रत्यक्षात तीसेक धरावेत.

घराच्या आत

वाय-फायचे नाव आणि पासवर्ड जुन्या घरातलेच ठेवले, अक्षरही न बदलता. टीव्ही, प्रिंटर, नातवाचा टॅब, सगळे आपोआप जोडले गेले. पॅनेलचे ॲप मात्र जोडेना, कारण पॅनेलला फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळते आणि मोडेमने दोन्ही बँड एकाच नावाखाली घातले होते. जोडणीपुरता ५ गिगाहर्ट्झ बंद केला, जोडले, परत चालू केला. सुनेच्या टेबलापर्यंत मध्ये दोन आरसीसी भिंती होत्या, तिथे वाय-फायची आशा सोडून २२ मीटर कॅट सिक्स लॅन केबल टाकली. भिंतीतला पाइप प्लास्टरने बुजलेला निघाला, त्यामुळे केबल स्कर्टिंगच्या कडेने पट्टीत गेली. शुद्ध तांब्याची केबल घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त पडते, पण तिचे टोक दोनदा वाकवले की तुटते.

जुन्या घरातून आणलेला डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारी पेटी, घराबाहेरून मोबाइलवर दिसेना. मोडेमच्या सेटिंगच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटच्या बाजूचा, पत्ता १०० च्या आकड्याने सुरू होत होता, पुढचा आकडा ६४ ते १२७ च्या दरम्यान. म्हणजे कंपनीने एक सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला. अशा वेळी मोडेममध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याची वाट, उघडून काही होत नाही. डीव्हीआरची क्लाउड सोय चालू केली. स्थिर पत्ता विकत घेण्याइतकी गरज नव्हती.

दाराचा सेन्सर बाहेरच्या जाळीच्या लोखंडी दरवाजावर न लावता आतल्या लाकडी दारावर लावला. लोखंड चुंबकाचा जोर ओढून घेते आणि सेन्सर व चुंबकातले चालणारे वीस मिलिमीटरचे अंतर आठ-दहावर येते. हालचालीचा सेन्सर हॉलच्या पश्चिमेच्या खिडकीकडे तोंड करून लावला होता. दुपारचे ऊन आणि हलणारा पडदा यांनी पहिल्या दोन दिवसांत तीन खोटे अलार्म दिले. तो विरुद्ध कोपऱ्यात हलवला. चौथा खोटा अलार्म रात्रीचा. सेन्सरच्या काचेवर पाल बसली होती. जवळून जाणारी छोटी पालही सेन्सरला दुरून चालणाऱ्या माणसाएवढी दिसते. सेन्सर छताला चिकटून न लावता सव्वादोन मीटरवर ब्रॅकेटवर घेतला आणि त्याच्या मागच्या वायरीच्या भोकाला सिलिकॉन लावले, कारण मुंग्या तिथूनच आत शिरतात.

आजोबांचे बटण आता गळ्यातले. ते फ्लॅटभर चालले, पण बाथरूममध्ये शॉवरखाली दोनदा चुकले. पॅनेल हॉलच्या कपाटावरून पॅसेजमध्ये आणल्यावर दहापैकी दहा वेळा लागले. चाचणी घ्यायची तर तिथे, जिथे माणूस पडण्याची शक्यता जास्त.

जुने बंद करताना

केबलवाल्याचा राउटर आणि अडॅप्टर परत देताना सीरियल नंबर लिहिलेली पावती घेतली. अनामत परत मिळायला तीच लागते. लँडलाइनचा नंबर तोच राहिल्याने बँक, गॅस एजन्सी, दवाखाना यांना काही कळवावे लागले नाही, पण पत्ता बदलल्याचे कंपनीच्या पहिल्या बिलावर तपासले. बिल जुन्या पत्त्यावर जात राहिले आणि इमारत पाडली गेली, तर न भरलेल्या बिलापायी लाइन तुटते आणि चाळीस वर्षांचा नंबर जातो.

शेवटची चाचणी एका रविवारी सकाळी झाली. साडेदहाला घराचा मेन एमसीबी खाली केला. नेट हलले नाही. लँडलाइनवरून मुलाचा मोबाइल ० लावून फिरवला, लागला. आजोबांनी बाथरूममधून बटण दाबले. सुनेला कॉल बारा सेकंदांत आला, आतेबहिणीला तिच्या पाठोपाठ. गेटवरच्या वॉचमनने फोन उचलला आणि ‘कोण बोलतंय’ विचारून ठेवून दिला. त्याला यंत्राचा आवाज ऐकवून फ्लॅटचा नंबर गेटच्या वहीत लिहून ठेवावा लागला. बारा वाजून पन्नास मिनिटांनी मिनी यूपीएस संपला, मोडेम विझला. पॅनेलचा दिवा तेव्हाही जळत होता.